जेवण मालकाचं, जबाबदारीही मालकाचीच

डिसेंबरचा तिसरा आठवडा लागला की खामगाव, मलकापूर, चिखली, बुलढाणा इथल्या शोरूममध्ये, खासगी दवाखान्यांत, कोचिंग क्लासमध्ये लाल टोप्या आणि कागदी चांदण्या दिसू लागतात. दसऱ्याला यंत्रांची पूजा, दिवाळीला बोनस आणि मिठाईचा डबा, जमलं तर श्रावणात सत्यनारायण, एवढ्यावर आपल्याकडच्या मालक-कामगारांचं सणवार भागत आलं. आता त्यात नाताळच्या, नाहीतर वर्षअखेरीच्या पार्टीची भर पडली आहे. कुठे ती केक कापून अर्ध्या तासात उरकते, कुठे महामार्गावरच्या ढाब्यावर रात्री एकपर्यंत चालते. त्यात वाईट काही नाही. वर्षभर राबलेल्या माणसांनी एकदा मालकाच्या पैशाने पोटभर जेवावं, हे चांगलंच. मात्र आखणी करताना बहुतेक मालक विसरतात की ही त्यांच्या घरची पार्टी नाही.

घरच्या कार्याला एखादा आला नाही तर फार तर रुसवाफुगवा होतो. मालकाच्या पार्टीला न जायचं ठरवणाऱ्याच्या मनात मात्र पगारवाढ, सुट्टी, कंत्राट पुढे चालू राहणं असं सगळं येऊन जातं. साहेबांनी ग्लास पुढे केला तर नको म्हणताना, नाचायला ओढलं तर हात सोडवून घेताना, साडेनऊला ‘आता निघते’ म्हणताना आधी विचार करावा लागतो. नकार द्यायची किंमत मोजावी लागू शकते असा समारंभ हा कामाचाच भाग. पार्टी सुरक्षित आणि सगळ्यांची कशी होईल, याची उत्तरं इथूनच निघतात.

ही पद्धत मुळात इंग्लंड-अमेरिकेकडची. चार्ल्स डिकन्सच्या १८४३ सालच्या ‘अ ख्रिसमस कॅरल’मध्ये फेझिविग नावाचा व्यापारी आहे. नाताळच्या आदल्या संध्याकाळी तो काम लवकर थांबवतो, गोदामातलं सामान बाजूला सारतो आणि तिथेच जेवण, नाचगाणं ठेवतो. येणाऱ्यांत शिकाऊ पोरं आहेत, घरकाम करणारी मुलगी आहे, स्वयंपाकीण आहे, आणि समोरच्या मालकाकडे अर्धपोटी राहत असावा असा ज्याच्याबद्दल संशय आहे तो पोरगाही आहे. अकरा वाजता कार्यक्रम संपतो आणि फेझिविग नवरा-बायको दारात उभे राहून एकेकाचा हात हातात घेऊन निरोप देतात. पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या गोष्टीतला हा मालक आजच्या अनेक इव्हेंट मॅनेजरांपेक्षा शहाणा म्हटला पाहिजे. पार्टी ठरलेल्या वेळी संपते, आणि शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत यजमान शुद्धीवर असतो.

त्याच इंग्लंडात पुढे काय घडलं तेही पाहण्यासारखं आहे. २०११च्या डिसेंबरात नॉर्थॅम्प्टनमधल्या एका कंपनीची नाताळची पार्टी संपली आणि काही जण हॉटेलात पुढे पीत बसले. कामावरून वाद निघाला आणि कंपनीच्या व्यवस्थापकीय संचालकाने आपल्याच विक्री व्यवस्थापकाला ठोसा मारला. तो माणूस डोक्यावर पडला, मेंदूला कायमची इजा झाली. पार्टी संपली होती, पुढचं खासगी होतं, असा बचाव झाला. अपील न्यायालयाने २०१८ साली तो नाकारला आणि कंपनीला जबाबदार धरलं. साहेब पिताना साहेबच राहिला होता, आपलाच निर्णय कसा अंतिम आहे हे हाताखालच्यांना सुनावत होता, हे न्यायालयाला महत्त्वाचं वाटलं.

आपल्याकडचं प्रकरण याहून जुनं आहे. १८ जुलै १९८८ रोजी चंदीगडला एका वरिष्ठ अधिकाऱ्याच्या घरी जेवणाची पार्टी होती. तिथे पंजाबचे तेव्हाचे पोलीसप्रमुख के. पी. एस. गिल यांनी आयएएस अधिकारी रूपन देओल बजाज यांचा विनयभंग केला. उच्च न्यायालयाने गुन्हाच रद्द केला. १९९५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा जिवंत केला आणि ‘बाब क्षुल्लक आहे’ हा युक्तिवाद फेटाळला. १९९६मध्ये गिल दोषी ठरले, २००५मध्ये त्यावर शेवटचं शिक्कामोर्तब झालं. म्हणजे भारतीय प्रशासन सेवेतल्या बाईला सतरा वर्षं लागली. दुकानात नऊ हजारांवर काम करणाऱ्या मुलीने किती वर्षं धरायची, याचा हिशेब मालकांनी आधीच करून ठेवावा.

तिच्यासाठी आता २०१३चा कायदा आहे, कामाच्या ठिकाणी महिलांच्या होणाऱ्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणारा. त्यातली ‘कामाच्या ठिकाणा’ची व्याख्या कारखान्याच्या कुंपणापाशी थांबत नाही. कामाच्या निमित्ताने कर्मचारी जिथे जाते ती जागा त्यात येते आणि मालकाने पुरवलेलं वाहनही येतं. म्हणजे मंगल कार्यालय, शेत, ढाबा आणि तिथून परत येणारी तवेरा, सगळं आलं. ‘कर्मचारी’ या शब्दातही कायमस्वरूपी, हंगामी, रोजंदारीवरची, ठेकेदारामार्फत आलेली, शिकाऊ, अशा सगळ्या जणी येतात. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर अंतर्गत समिती हवी: अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या महिला सदस्य आणि एक बाहेरची व्यक्ती. समिती नसेल तर ५० हजार रुपयांपर्यंत दंड. दहापेक्षा कमी माणसं असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. पार्टीच्या निमंत्रणाखाली समितीच्या अध्यक्षांचं नाव आणि फोन नंबर छापायला एक ओळ लागते. कुणाला ते अपशकुनी वाटेल. मला ते ‘सहकुटुंब यावे’ यापेक्षा जास्त आपुलकीचं वाटतं.

आता तारीख. नाताळची पार्टी नाताळच्या दिवशी ठेवावी, असं कुणालाही वाटेल. पण स्टाफमध्ये खरोखरच ख्रिस्ती असलेल्या नर्सला किंवा क्लार्कला चोवीसच्या रात्री आणि पंचवीसच्या सकाळी चर्चमध्ये असायचं असतं, घरी पाहुणे असतात, करंज्या-चकल्यांचे डबे शेजारी द्यायचे असतात. वऱ्हाडातल्या मराठी ख्रिस्ती घरांत नाताळला केकइतकाच फराळही असतो. ही घरं कालची नाहीत. ‘ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स’ या अमेरिकी मिशनने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून अकोला, खामगाव, बुलढाणा, मलकापूर या पट्ट्यात काम केलं, आणि त्या मंडळ्यांची चौथी-पाचवी पिढी आज नोकऱ्या करते आहे. पंचवीसला पार्टी ठेवली तर ज्यांचा सण तेच गैरहजर, असला प्रकार होतो. त्यांना आधी पगारी सुट्टी द्या. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठ पगारी सणाच्या सुट्ट्या आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर ठरलेल्या. उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी मिळून ठरवायच्या. त्या चारांत कुणाचे सण बसतात आणि कुणाचे कधीच बसत नाहीत, हे एकदा रजिस्टर उघडून बघावं. सर्वसमावेशकतेची परीक्षा तिथे होते; सजावट नंतरची.

पंचवीस डिसेंबरचा बुलढाण्यात आणखी एक अर्थ आहे. २०११च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८६ हजार. त्यात सुमारे ७१ टक्के हिंदू, १४ टक्के बौद्ध आणि जवळपास तितकेच मुस्लिम. जैन, ख्रिस्ती, शीख आणि इतर मिळून एक टक्क्याच्या आसपास. दर सात माणसांत एक बौद्ध असलेल्या या जिल्ह्यात २५ डिसेंबर हा महाडच्या मनुस्मृती दहनाचा दिवस आहे. १९२७ साली याच तारखेला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली ते दहन झालं, आणि अनेक संघटना हा दिवस स्त्रीमुक्ती दिन म्हणून पाळतात. त्या दिवशी संध्याकाळी कार्यक्रमाला जाणाऱ्या बाईला ‘तू नेहमीच अशी बाजूला राहतेस’ असं ऐकवणारा मालक तिला नव्हे, स्वतःच्या जिल्ह्याला ओळखत नाही.

मुस्लिम कर्मचाऱ्यांचा विचार करताना दोन गोष्टी. शुक्रवारी दुपारी एक ते दोनच्या सुमाराला नमाज असते, तेव्हा जेवणाची पंगत लावू नये. आणि रमजान चांद्र पंचांगाने दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०३० साली तो दोनदा येणार आहे, एकदा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा नाताळाच्या सुमारास. त्या वर्षी वर्षअखेरीचं दुपारचं जेवण ठेवलंत तर रोजा धरणाऱ्यांना दुसऱ्यांच्या ताटाकडे बघत बसावं लागेल. मार्गशीर्षातले बरेचसे गुरुवार डिसेंबरातच पडतात आणि त्या दिवशी स्टाफमधल्या कित्येक बायकांचा उपास असतो. शेगाव जवळ असल्याने गुरुवार पाळणारे पुरुषही कमी नाहीत. सूर्यास्तानंतर न जेवणाऱ्या जैन कर्मचाऱ्याला रात्री नऊच्या बुफेचा उपयोग शून्य, कारण डिसेंबरात इथे सूर्य सहाच्या आत मावळतो. ही यादी वाचून डोकं धरायची गरज नाही. सोमवार ते बुधवार यांपैकी एक दिवस, डिसेंबरचा मधला पंधरवडा आणि सकाळी अकरा ते दुपारी चार, एवढं धरलं की यातल्या बहुतेक गाठी आपोआप सुटतात.

दिवसा पार्टी ठेवण्याचं याहून मोठं कारण रस्ता आहे. १ जुलै २०२३ रोजी रात्री दीडच्या सुमारास सिंदखेड राजा तालुक्यातल्या पिंपळखुट्याजवळ समृद्धी महामार्गावर खासगी बसला आग लागून २५ जण गेले. त्याच महिन्यात २९ तारखेच्या पहाटे मलकापुरात दोन बसची टक्कर होऊन सहा जण दगावले. यांतलं कुणीही पार्टीहून येत नव्हतं. पण मध्यरात्र ते पहाट या वेळेत रस्ता किती धोक्याचा असतो, हे जिल्ह्याने एका महिन्यात दोनदा पाहिलं आहे. त्यात पार्टीत ड्रायव्हरची अवस्था सगळ्यांत वाईट. तो दिवसभर गाडी चालवून आलेला असतो, पार्टी चालू असताना गाडीत बसून असतो, सगळ्यांच्या शेवटी गार झालेलं जेवतो आणि मग बारा माणसांना घरोघर सोडतो. ड्रायव्हर हाही स्टाफच आहे, त्याचं ताट पहिल्या पंगतीत लागलं पाहिजे. बायकांच्या बाबतीत कायद्याची एक रेघ लक्षात ठेवण्याजोगी आहे: रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत महिलेला कामावर ठेवायचं तर तिची संमती, संरक्षण आणि वाहन या गोष्टी मालकाकडे आल्या. पार्टीला तीच रेघ लावावी. माझ्या मते तर त्याहून सोपं माप म्हणजे शेवटची एसटी. खेड्यातून येणाऱ्या सर्वांत लांबच्या माणसाची शेवटची गाडी सुटण्याआधी तासभर पार्टी संपली पाहिजे.

दारूचं काय? इथे मालक लोक कुजबुजत बोलतात, म्हणून मोकळं लिहितो. महाराष्ट्रात दारू पिण्यासाठी परवाना लागतो. समारंभात द्यायची तर राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून एक दिवसाचा परवाना घ्यावा लागतो. बीअर आणि वाइनसाठी वयाची अट २१, बाकी दारूसाठी २५. आयटीआय करून आलेला तुमचा वीस वर्षांचा शिकाऊ फिटर या दोन्हींत बसत नाही. ज्या ढाब्याकडे परवाना नाही तिथे बसून पिणं हा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियमाच्या कलम ८४ खाली गुन्हा, आणि ती सोय करून देणारा ढाबेवाला कलम ६८ खाली येतो. डिसेंबरअखेरीच्या धाडी याच कलमांखाली पडतात, आणि बिलावर कंपनीचं नाव असतं. ज्या राज्यात बायकांनी मतदान करून गावातल्या दारूच्या दुकानाची बाटली आडवी केली, तिथे त्याच बायकांच्या नवऱ्यांना मालकाने वर्षातून एकदा फुकट पाजावी, हे मला तरी पटत नाही. तरीही पाजणारे पाजतील, तेव्हा शरीराचा हिशेब तरी माहीत असावा.

रक्तात १०० मिलीलिटरमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना गाडी चालवणं गुन्हा आहे. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. यकृत हे अल्कोहोल ठरावीक गतीने काढतं, ढोबळमानाने तासाला १५ मिलिग्रॅमच्या आसपास. ही गती कॉफीने, लिंबूपाण्याने, थंड पाण्याच्या आंघोळीने वाढत नाही. वाढतो तो फक्त आपण शुद्धीवर आहोत हा भ्रम. मध्यरात्री ज्याच्या रक्तात १५० मिलिग्रॅम आहे त्याच्या रक्तात सकाळी सहाला अजून ६० असतात. सहाची पाळी धरणारा तो माणूस लेथवर, बॉयलरवर किंवा जिनिंगच्या पट्ट्यापाशी उभा राहतो तेव्हा अजूनही प्यालेलाच असतो. म्हणून पार्टीच्या दुसऱ्या दिवशी यंत्रावरची पाळी उशिरा लावावी किंवा ठेवूच नये. पार्टीच्या खर्चात ही अर्धी पाळी धरलेली मी सहसा पाहिली नाही.

जेवणाचा धोका दारूपेक्षा जास्त आहे, कारण जेवतात सगळेच. २० फेब्रुवारी २०२४, एकादशी. लोणार तालुक्यातल्या सोमठाण्यात धार्मिक कार्यक्रमात भगर आणि आमटीचा प्रसाद झाला आणि दोनशेहून अधिक माणसांना उलट्या-जुलाब सुरू झाले. बीबीच्या ग्रामीण रुग्णालयात जागा पुरेना, तेव्हा बाहेर झाडांना दोऱ्या बांधून त्यांवर सलाइनच्या बाटल्या टांगल्या गेल्या. ती छायाचित्रं देशभर फिरली. वाढणाऱ्यांची श्रद्धा किंवा नीयत यांत कुठे कमी नव्हती. जंतूंना नीयत कळत नाही, त्यांना तापमान कळतं. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या टप्प्यात ते झपाट्याने वाढतात. भातातल्या ‘बॅसिलस सिरियस’ या जंतूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते जागे होतात, विष तयार करतात, आणि ते विष पुन्हा गरम करूनही जात नाही. आपल्याकडचा केटरर नेमकं हेच करतो: संध्याकाळच्या दोनशे पानांचा भात दुपारी एकला उतरवतो आणि झाकून ठेवतो. खवा, पनीर, क्रीमचा केक यांना वाढणाऱ्याच्या हातावरचं साधं गळू पुरतं.

तेव्हा केटररला दर विचारण्याआधी त्याचा अन्न परवान्याचा चौदा आकडी नंबर विचारा. पाणी कुठलं, टँकरचं की बोअरचं, हे विचारा. शेवटच्या स्वयंपाकापासून दोन तासांत पानं उठली पाहिजेत, असं त्याला लेखी सांगा. प्रत्येक पदार्थाचा एक नमुना दोन दिवस फ्रीजमध्ये ठेवा. काही झालंच तर डॉक्टरांना आणि अन्न व औषध प्रशासनाला तोच उपयोगी पडतो. मांसाहार असेल तर हलाल घ्या, म्हणजे ते मुस्लिम सहकाऱ्यांनाही चालतं; आणि शाकाहाराची कढई, झारा, वाढपी वेगळे. टेबलं वेगळी मांडायला हरकत नाही, बसायची जागा मात्र वेगळी करू नका. आपल्याकडे ताटं वेगळी झाली की माणसं वेगळी व्हायला वेळ लागत नाही, आणि ती कुठल्या रेषेवर वेगळी होतात हे सांगायला नको.

खरं तर आपल्या भागात या पार्टीचं उत्तर आयतं पडलेलं आहे. हिवाळ्यात वऱ्हाडात शेतात रोडगे होतात. कणकेचे थरांचे गोळे गोवऱ्यांच्या आरावर भाजायचे, त्यावर तूप, सोबत वरण आणि वांग्याची झणझणीत भाजी. मलकापूर, जळगाव जामोदकडे भरीत आणि कळण्याची भाकरी. दिवसाउजेडी होणारं, बिनदारूचं, शाकाहारी, समोर भाजून गरम वाढलं जाणारं हे जेवण कुठल्याही धर्माच्या, कुठल्याही पगाराच्या माणसाला परकं वाटत नाही. त्यात हवा तर केक कापा, ख्रिस्ती सहकाऱ्याला हौस असेल तर नाताळचं एक गाणं म्हणायला सांगा. मात्र त्याला धर्माचा प्रदर्शनी नमुना करू नका. ‘आज तुझा दिवस’ म्हणून उभं करण्याआधी त्याला आवडेल का, हे एकट्यात विचारा.

शेताचे धोके शेताचेच असतात. कठडा नसलेली विहीर आणि प्लास्टिकचा कागद अंथरलेलं शेततळं ही दोन ठिकाणं सहलीत जीव घेतात. ओल्या प्लास्टिकच्या उतारावरून पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. दोन्हींच्या भोवती दोर बांधा, शेततळ्यात गाठी मारलेला एक जाड दोर सोडून ठेवा आणि सेल्फी काढणाऱ्यांवर लक्ष ठेवायला एक माणूस नेमा. चूल पेटवण्याआधी झाडावर आग्या मोहोळ आहे का बघा, धुराने ते उठतं. उठलंच तर तोंड झाकून लांब पळायचं. विहिरीत उडी मारायची नाही. गोवऱ्यांचा आर पाणी ओतून विझवल्याशिवाय निघू नका, शेजारी कपाशीच्या पऱ्हाटीचा ढीग असतो. आणि बायकांसाठी स्वच्छतागृह. ते नसेल तर त्या सकाळपासून पाणी पिणार नाहीत आणि तुम्हाला ते कळणारही नाही. भाड्याचं फिरतं शौचालय मिळालं नाही तर शेताऐवजी गावाजवळचं मंगल कार्यालय घ्या.

कार्यालय घेतलंत तर दोन दारं उघडी आहेत याची खात्री स्वतः चालत जाऊन करा. मुंबईच्या कमला मिलमध्ये २९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर लागलेल्या आगीत १४ जण गेले. कित्येक मृतदेह स्वच्छतागृहात सापडले, कारण बाहेरचा रस्ता सापडला नव्हता. मागच्या दाराला खुर्च्यांचा ढीग लावायची आपल्या कार्यालयांची सवय त्याच जातीची आहे. बुलढाण्याच्या थंडीत बंद हॉलमध्ये कोळशाची शेगडी ठेवू नका. तिच्या विषारी वायूला वास नसतो. पायऱ्या चढू न शकणारा एक जरी सहकारी असेल तर हॉल तळमजल्यावरचा. त्याला चौघांनी खुर्चीसकट उचलून वर नेणं हा सन्मान नव्हे.

करमणुकीत सगळ्यांत घातक प्रकार म्हणजे कॉलेजातून आलेला फिशपॉन्ड. चिठ्ठीवर नाव नसतं, म्हणून रंगावर, वजनावर, जातीवर, कुणाचं कुणाशी जुळतं यावर वाटेल ते लिहिलं जातं, आणि माइकवर वाचणारा हसत हसत वाचतो. ज्याच्यावर लिहिलं तो सर्वांसमोर हसतो, कारण न हसण्याची सोय नसते. चारचौघांत जातीवरून केलेला अपमान ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो, चिठ्ठी विनोदी होती म्हणून तो माफ होत नाही. फिशपॉन्ड सरळ बंद करा. भेटींची देवाणघेवाण असेल तर शंभर रुपयांची मर्यादा घाला. फोटोंबाबत एकच नियम पुरे: स्टाफच्या ग्रुपवर फोटो एकाच माणसाने टाकायचे, आणि ज्यांना नको त्यांनी आधी सांगायचं. ऑफिसातल्या बाईचा नाचतानाचा व्हिडिओ रात्री तिच्या गावातल्या भाऊबंदांच्या ग्रुपवर पोचतो, आणि पुढच्या वर्षी ती पार्टीला येत नाही. कधी कधी नोकरीवरही येत नाही.

आता यादी. डिसेंबर हा कापसाचा हंगाम, जिनिंग दिवसरात्र चालतं. रुई ओढणारे हमाल आणि सरकी झाडणाऱ्या बायका बहुतेक ठेकेदाराच्या. पतसंस्थेत रोखपाल कायम, पण गेटवरचा वॉचमन एजन्सीचा. पार्टीची यादी पगारपत्रकावरून काढली की ही माणसं आपोआप गळतात, आणि नंतर उरलेलं जेवण डब्यात भरून त्यांच्या हातात दिलं जातं. ते घेतात, नाही म्हणत नाहीत. यादी हजेरीवरून करा, झाडू मारणाऱ्या बाईपासून सुरू करा. काम थांबवता येत नसेल तर दोन पंगती करा आणि दुसऱ्या पंगतीला मालकाने स्वतः वाढायला थांबावं. पार्टीसाठी पगारातून वर्गणी कापू नका. मनाला येईल ती कपात करायचा अधिकार वेतनाचे कायदे मालकाला देत नाहीत. आणि न येणाऱ्याला कारण विचारू नका, हजेरीत दुपारचे तास पूर्ण भरा.

शेवटचं काम पार्टीनंतरचं. २०१३च्या कायद्यानुसार तक्रारीची मुदत घटनेपासून तीन महिने आहे, आणि कारण पटलं तर समिती ती आणखी तीन महिने वाढवू शकते. १६ डिसेंबरच्या पार्टीची तक्रार मार्चच्या मध्यापर्यंत, कधी जूनच्या मध्यापर्यंत येऊ शकते. तोवर गाड्यांची आणि माणसांची यादी फाडू नका, सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग पुसू देऊ नका, आणि समितीच्या अध्यक्षांचा फोन नंबर नोटीस बोर्डावरून खाली उतरवू नका.